झाकणाच्या आतली खूण

डॉक्टरबाई दर पाच वर्षांनी यायच्या. पाच वर्षांतून एकदा घड्याळ पूर्ण उघडून साफ करून घ्यावं, असं घड्याळाबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं होतं, आणि बाईंनी ते औषधाच्या डोससारखं मनावर घेतलं होतं. ना महिनाभर अलीकडे, ना महिनाभर पलीकडे. स्वतःचं प्रसूतिगृह सुरू केलं त्या वर्षी, स्वतःच्या कमाईतून घेतलेलं हे घड्याळ. दिसायला साधं, पण ज्याला कळतं तो बघून क्षणभर गप्प व्हावा असं. त्याला सेल नव्हता. रोज सकाळी चावी द्यायची, की दुसऱ्या सकाळपर्यंत बिनतक्रार चालायचं. बाळ बाहेर आलं की बाई आधी मनगटाकडे बघायच्या आणि मग मोठ्यानं वेळ सांगायच्या. निम्म्या गावाच्या जन्मवेळा त्या घड्याळानं ठरवल्या होत्या म्हणा ना.

म्हणून त्या दुपारी बाई दुकानाच्या पायऱ्या चढल्या तेव्हा भिंगकाकांनी मनातल्या मनात वर्षं मोजली. तीनच भरत होती.

भिंगकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला गल्ली दुसरं काय म्हणणार? दुकान चिंचोळं. दारात काचेचं काउंटर आणि मागे खिडकीशी दोन टेबलं. एक त्यांचं, एक लेकीचं. लेक घड्याळांचं रीतसर शिक्षण घेऊन चार वर्षांपूर्वी परतली होती. तिच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची तब्येत सांगणारं एक छोटं यंत्र होतं. काकांच्या टेबलावर भिंग, चिमटे, तेलाच्या चार कुप्या आणि एक जुना ब्रश.

"उताणं ठेवलं की थांबतं," बाई म्हणाल्या. "हातात असलं की चालतं, पण दिवसाला सात-आठ मिनिटं मागे. परवा एका बाळाची वेळ मी चुकीची सांगितली. नर्सनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं."

काकांनी घड्याळ कानाशी धरलं. आवाज दमलेल्या माणसासारखा.

"मी वेळेवर आणते ना हो? पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं."

"पुस्तिकेतला आकडा म्हणजे सगळ्यांना मिळून एक माप," काका म्हणाले. "ज्याचं घड्याळ कपाटात पडून असतं त्यालाही पाच, आणि तुमच्यासारखं रोज हातात, दिवसातून तीस वेळा हात धुणारीलाही पाच. तुम्ही तीन वर्षांनी आणत चला."

"म्हणजे माझंच चुकलं."

"चुकलं असं नाही," काका म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्याचा अर्थ 'चुकलंच' असा होत होता. बाई खाली मान घालून पावती घेऊन गेल्या. दुसऱ्याच्या चुका पोटात घालणारी, पण स्वतःची एवढीशीही नजरेआड न करणारी बाई. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता.

काकांनी मागचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून दिव्याखाली धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेत बारीक खुणा कोरलेल्या असतात. घड्याळ पूर्ण उघडून दुरुस्त केलं की कारागीर तिथं तारीख आणि आपली खूण ओरखडतो, म्हणजे पुढच्याला कळावं. ह्या झाकणात चार तारखा होत्या आणि चारही तारखांपुढे काकांची खूण, वर्तुळात एक टिंब. शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची.

तारीख वाचली आणि काकांनी झाकण खाली ठेवलं. ते साल त्यांना चांगलं आठवत होतं.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. आधी वाटलं भिंग मळलंय. मग वाटलं दिवा मंद झालाय. दोन दिवे बदलल्यावर त्यांना कळलं ते कळलं, पण कुणाला सांगितलं नाही. लेक नुकतीच परतलेली. तिच्या हातातली सफाई ते शेजारून बघत होते. आता डोळ्यांचं सांगितलं तर ती म्हणेल, बाबा, तुम्ही काउंटरवर बसा. चाळीस वर्षांची खुर्ची सोडून काउंटरवर पट्टे विकत बसायचं! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प राहिले. शेवटी बायकोनंच त्यांना चहाचा कप बशीबाहेर ठेवताना पाहिलं आणि हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. शस्त्रक्रिया झाली. जग असं लखलखीत झालं की त्यांनी घरी येऊन आधी भिंतीवरचे डाग मोजले. तो विषय तिथंच मिटला असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता त्याच लख्ख डोळ्याला भिंग लावून ते बघत होते. चाकांच्या वर एक पट्टी असते. ती उचलली की खालची तीन-चार चाकं सुटी होतात. सुटं करणं सोपं; परत बसवताना मात्र प्रत्येक चाकाचं केसाएवढं टोक आपापल्या माणकाच्या, म्हणजे बारीक लाल खड्याच्या, भोकात एकाच वेळी शिरावं लागतं. दिसत नसताना ते करायला गेलं तर टोक मोडतं. काकांना स्पष्ट आठवलं. त्या दिवशी त्यांनी पट्टी उचललीच नव्हती. बाहेरून दिसेल तेवढं साफ केलं, पोचेल तिथं तेल दिलं. घड्याळ झकास चालू लागलं. त्यांनी खूण कोरली आणि पूर्ण कामाचे पैसे घेतले.

आज पट्टी उचलली. खाली आठ वर्षांचं तेल काळ्या चिकट राळेसारखं जमलं होतं आणि त्या राळेत फिरून फिरून एका चाकाचं टोक झिजून बारीक झालं होतं. बाईंनी हलगर्जीपणा केला नव्हता. पाच वर्षांचा नेम त्यांनी पाळला होता. मोडला होता तो ह्या टेबलावर.

"काय निघालं, बाबा?" लेकीनं विचारलं.

"झिजलंय," काका म्हणाले. "वापर फार आहे."

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

लेक उठून आली. तिनं घड्याळ नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही. काका चिमटे पुसत राहिले. एकच चिमटा तीनदा पुसला गेला.

"हे तीन वर्षांचं तेल नाही," ती म्हणाली. "सात-आठ वर्षांचं आहे. मधे ही पट्टी कुणी उघडलेलीच नाही."

काकांनी तोच चिमटा पुन्हा उचलला.

"पण झाकणात तुमची खूण आहे, आणि तुम्ही खूण केली म्हणजे पट्टी उघडली होती." ती कोडं सोडवावं तशी बोलत होती. "म्हणजे एकच शक्यता. बाईंनी मधे दुसरीकडे कुठंतरी दिलं. त्यानं तुम्ही साफ केलेलं आतलं यंत्र काढून घेतलं आणि त्या जागी जुनं कुठलंतरी घातलं. होतं असं, आमच्या वर्गात सांगायचे. थांबा, मी विचारते त्यांना."

"अगं, राहू दे—"

पण तिनं फोन लावलाही होता. काका ऐकत राहिले. लेकीचा आवाज नम्र होता, पण पोलीस चौकशीला येतात तेव्हा असतात तसा नम्र. मधल्या काळात कुणाला दाखवलं होतं का? अगदी पट्टा बदलायलासुद्धा? आठवून बघा. घरातल्या कुणी? पलीकडून बाई काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण लेक मान हलवत होती ती न पटल्यासारखी.

फोन ठेवून ती म्हणाली, "नाकारतायत. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलंच नाही म्हणतात. कुणी कबूल करतं का, बाबा? पण मला वाटलं नव्हतं, ह्या बाई अशा असतील."

हे मात्र काकांना झेपलं नाही. आपली चूक झाकलेली राहिली असती तर त्यांनी ती कदाचित मरेपर्यंत झाकली असती, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. पण एका सरळ बाईला आपल्याच लेकीनं खोटारडी म्हणावं, आणि ते आपण शेजारी बसून ऐकावं?

"खोटं त्या बोलत नाहीत," काका म्हणाले. "पट्टी मीच उघडली नव्हती."

लेकीला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंग, दिवे, मोतीबिंदू, खूण. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला.

"मी इथं बसत होते," शेवटी ती म्हणाली. "ह्या खुर्चीवर. तुमच्यापासून दोन हातांवर. नुसतं इकडं सरकवलं असतं तरी मी केलं असतं."

"तेच तर नको होतं."

आपल्या टेबलाशी जाऊन तिनं पाठ फिरवली. त्या दिवशी त्यांच्यात पुढचं बोलणं झालं ते 'कुलूप लावू का' एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका प्रसूतिगृहात गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. बाकांवर दिवस भरत आलेल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये टोपी हातात घेऊन एक सहासष्ट वर्षांचा म्हातारा.

"पेशंट कोण?" टेबलावरच्या नर्सनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

"घड्याळ," काका म्हणाले.

नर्सनं डोकं वर काढलं. शेजारची एक बाई पोट धरून हसली आणि तिनं सरकून त्यांना जागा करून दिली. "बसा आजोबा, इथं उशीरच लागतो," ती म्हणाली. दीड तास लागला. तेवढ्यात जिभेवर घोळवलेलं सगळं भाषण त्यांच्या डोक्यातून पार उडून गेलं.

आत गेल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिसत नाही हे कधी लक्षात आलं होतं?"

"तुमचं घड्याळ आलं त्याच्या आधी सहा-सात महिने."

"त्या दिवशी तुम्हाला मला काय सांगता आलं असतं?"

"आत्ता जमत नाही, लेकीकडे द्या, असं."

"एक वाक्य होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मऊही नव्हता. "आणि काल तुम्ही मला म्हणालात, तीन वर्षांनी आणत चला. घरी जाईपर्यंत मी स्वतःला दोष देत होते. मग तुमची मुलगी विचारते, कुणाकडे दिलं होतं. मी घरात सगळ्यांना फैलावर घेतलं, काका. सुनेला विचारलं, तू तर नाही ना नेलंस. ती रडली."

काकांची मान खाली गेली. ह्याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

"माफी मागतो," ते म्हणाले. "काम करून देतो. पैसे अर्थातच—"

"पैसे राहू देत. मला एक सांगा. पट्टी न उघडता खूण केलेलं माझं एकच होतं का?"

काका हातातली टोपी फिरवत राहिले. बाई वाट बघत राहिल्या. वाट बघणं हा त्यांचा धंदाच होता.

"त्या वर्षभरात तुमच्या हातून किती घड्याळं गेली?"

"सांगता येत नाही."

"वहीत असतील ना?"

"असतील."

"मग माझं घड्याळ बाजूला ठेवा. माझं बिघडलंय हे निदान मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना आधी बोलवा. सगळं झालं की माझं करा, आणि मला बोलवा." त्यांनी चष्मा घातला आणि घंटी वाजवली. पुढची बाई आत आली.

दुकानात येऊन काकांनी कामांची वही काढली. मोतीबिंदूच्या पहिल्या शंकेपासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतची पानं त्यांनी तीन दिवस बसून एकेक करून वाचली. साधी कामं सोडली. पट्टे, सेल, काचा. पूर्ण उघडून केलेली म्हणून लिहिलेली चौतीस निघाली. त्यातली खरोखर किती उघडली होती ते त्यांना आता आठवत नव्हतं. चौतीसच्या चौतीस बोलवायची, असं त्यांनी ठरवलं. यादी लिहून त्यांनी लेकीच्या टेबलावर ठेवली.

तिनं ती वाचली. "फोन मी करू?" तिनं विचारलं. चार दिवसांतलं तिचं हे पहिलं लांब वाक्य.

"नको. मीच करतो. तू कामाचं बघ. तपासायचं तूच."

फोनवर माणसं कशी असतात ते काकांना त्या महिन्यात कळलं. एक मास्तर हसले आणि म्हणाले, अहो, चालतंय ना, मग कशाला पाण्यात दगड टाकता? एका दुकानदारानं चारचौघांसमोर जाब विचारायची धमकी दिली आणि खरोखर आला. काउंटरशी उभा राहून बोलला, आणि काका ऐकून घेत राहिले. एकीनं घड्याळ विकलं होतं. तिनं नव्या मालकाचा पत्ता दिला. एक जण वारला होता. त्याचा मुलगा घड्याळ घेऊन आला आणि म्हणाला, बाबा सांगायचे, ह्या दुकानाशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस. त्या वेळी काकांना मागे जाऊन पाणी प्यावं लागलं.

गल्लीत बातमी पसरायला काय वेळ! 'भिंगाला दिसतच नव्हतं' हा विनोद समोरच्या न्हाव्याच्या दुकानात महिनाभर चालला. काही गिऱ्हाइकं तुटली. काही, का कोण जाणे, नवी आली.

चौतीसपैकी एकोणतीस घड्याळं परत आली. त्यांतल्या अठरांची पट्टी उचललेलीच नव्हती. अकरांमध्ये काम पूर्ण होतं, आणि नीट होतं. ते अकरावं बघून लेक सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाली, "हे दिसत नसताना कसं बसवलंत?"

"हातानं," काका म्हणाले. "दोन टोकं मोडली होती त्यात. नवी करून घातली."

"वेड लागलं होतं तुम्हाला."

"लागलं होतं खरं."

ती हसली नाही, पण तिची पाठ थोडी सैल झाली, असं काकांना वाटलं. त्या दिवशी तिनं आपल्या डब्यातलं त्यांना वाढलं.

डॉक्टरबाईंचं घड्याळ सगळ्यांत शेवटी घेतलं. सात महिने बाई एक साधं सेलवालं घड्याळ घालून फिरल्या. टोक झिजलं होतं तसं नवं चाक मिळत नव्हतं. मग लेकीनं छोट्या लेथवर पोलादाच्या काडीतून नवा आस कातला. पहिला वाकला, दुसरा जाड झाला, तिसरा बसला. काका शेजारी बसून फक्त दिवा धरत होते. मधे एकदाच म्हणाले, "आता दाबू नकोस," आणि ती म्हणाली, "कळलं." यंत्रावर लावल्यावर त्याच्या पडद्यावर टिकटिकीची रेघ सरळ आली, ताठ.

लेकीनं झाकणात पाचवी तारीख कोरली आणि खूण स्वतःची केली. तीन रेघा. काकांच्या शेवटच्या खुणेवर तिनं एक बारीक आडवी काट मारली. मारण्याआधी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

बाई घ्यायला आल्या तेव्हा झाकण मुद्दाम उघडं ठेवलं होतं. काकांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि भिंग दिलं. बाईंनी बराच वेळ बघितलं. आत चाक श्वास घेतल्यासारखं इकडून तिकडे हलत होतं. मग त्यांनी झाकण वाचलं. काट दिसली असणार; त्यांनी भिंग काढून काकांच्या हातात दिलं.

"आता खरं सांगा," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी आणायचं?"

काकांनी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "वर्षातून एकदा नुसतं दाखवायला आणा. दोन मिनिटं यंत्रावर लावू. ताकद कमी दिसली तर उघडू, नाहीतर हात लावणार नाही. चांगलं चाललेलं घड्याळ आकड्यासाठी उघडू नये, प्रत्येक वेळी उघडण्यातही धोका असतो. आणि थकलेलं आकड्यासाठी ताटकळत ठेवू नये. तुमच्या वापराला पाच-सहा वर्षं निघतील असं वाटतं, पण ते घड्याळ सांगेल."

"म्हणजे नेमकं काहीच नाही."

"नेमकं तेवढंच आहे."

बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं. "सुनेला तुमचं नाव सांगितलंय मी," त्या काकांना म्हणाल्या. "तिला तुम्हाला एकदा बघायचं होतं. म्हणते, जो माणूस स्वतः येऊन सांगून गेला तो दिसतो तरी कसा. पण मी अजून रागावलेलीच आहे हां." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

दुकान पुन्हा शांत झालं. लेकीनं खुर्ची फिरवली.

"बाबा, आजपासून तुम्ही केलेलं प्रत्येक काम झाकण लावण्याआधी मी बघणार."

काकांना लागलं. पण ते म्हणाले, "बघ."

"आणि माझं तुम्ही."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं आपल्या टेबलावरचं तयार घड्याळ उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी भिंग लावलं. वरून बघितलं, बाजूनं बघितलं, मग कलतं करून दिव्याखाली धरलं. काम सुरेख होतं. फक्त एका चाकाच्या दात्याशी कापडाचा एक तंतू अडकला होता, इतका बारीक की श्वास लागला तर हलावा.

"तिसरं चाक," ते म्हणाले.

लेक वाकून बघू लागली. मग तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पट्टीचा पहिला स्क्रू सैल केला.